जर्नलमधले आकडे

मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत पोषाख उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गवंडी दारात येऊन उभे राहिले. “फादर, पोरानं बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय. तीन वर्षं घालवून हाती काय लागणार?”

प्रश्न रास्त होता. घाम गाळून फी भरणाऱ्या बापाला ‘ज्ञान मिळेल’ एवढे सांगून वाटेला लावणे आम्हांस प्रशस्त वाटेना. पदवीपाठोपाठ नोकरी चालून येत नाही. अध्यापन, संशोधन, रुग्णालयातील किरणोपचार विभाग, या वाटांसाठी पुढेही शिकावे लागते, हे आम्ही सांगून टाकले. त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही त्यांना आमचीच एक चोरी सांगितली.

सेमिनरीत जाण्यापूर्वी आम्हीही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होतो. प्रयोग होता ‘न्यूटनची वलये’. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवून सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात पाहिले, की एकात एक काळी-पिवळी वलये दिसतात. त्यांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. पुस्तकात ती ५८९३ अँगस्ट्रॉम. आमची आली ६२४०. आम्ही चार नोंदी खोडरबराने पुसल्या आणि उत्तर नेमके ५८९३ आणले! सर रागावले नाहीत. म्हणाले, “हा पिवळा प्रकाश ५८९० आणि ५८९६ अशा दोन तरंगलांबींचा. ५८९३ ही त्यांची सरासरी. आपल्या सूक्ष्मदर्शकाला इतकं अचूक मोजता येतं?” आम्ही गप्प. पुन्हा मोजताना ध्यानात आले, की त्याचा स्क्रू आम्ही कधी पुढे, कधी मागे फिरवीत होतो. आट्यांमधला ढिलेपणा नोंदींत शिरत होता. एकाच दिशेने फिरवला तेव्हा ५९७० आले. तेच लिहिले, आणि त्यावर सरांची सही झाली. त्या पदवीतले बरेचसे गणित आम्ही विसरलो. ती सही मात्र धर्मग्रामाचे हिशेब लिहिताना अजून आठवते.

गवंडी काही न बोलता गेले. काही महिन्यांनी मुलाचे जर्नल घेऊनच आले. साध्या लंबकाचा प्रयोग होता. मुंबईच्या परिसरात गुरुत्वत्वरण सेंटिमीटरच्या मापात सुमारे ९७९ भरते. पोराचे आले होते ९९१. आकडा तसाच ठेवून खाली त्याने लिहिले होते: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, ती तळापर्यंत मोजली, ८० सेंटिमीटरची ८१ झाली.

“फादर,” ते म्हणाले, “ओळंबा आम्ही रोज सोडतो, आणि तो हलायचा थांबेपर्यंत वाट बघतो. हा पोरगा म्हणतो, हलतोय तोच मोजायचा!”