आईचा अंगठा

आमच्या येळ्ळूरच्या शिवारात कोठेही उभे राहा, राजहंसगड दृष्टीस पडतोच. एके काळी आम्हां भावंडांना घेऊन आई तो गड न थांबता चढत असे. आज तिला ओसरीवरून अंगणात उतरणे हेच गड उतरण्यासारखे झाले आहे. कंपवात जडून बारा वर्षे झाली. घराबाहेर चाकांची खुर्ची लागते. तरी धाकट्या बहिणीच्या वास्तुशांतीला जायचेच, असा तिने हट्ट धरला. आगगाडीची रात्र तिला सोसणार नाही, म्हणून आम्ही सांबऱ्याहून विमानाने निघालो.

जाताना काही अडले नाही. खुर्ची हवी हे आम्ही ४८ तास आधी कळविले होते. अडले ते परतताना, एका मोठ्या शहराच्या विमानतळावर. विमानाला तीन तास उशीर झाला. आईची लेव्होडोपाची गोळी वेळेवर पोटात गेली नाही, तर पाय जमिनीला खिळतात आणि हात अनावर कापू लागतात. गोळ्यांची डबी मोठ्या पेटीत घालून ती पेटी सामानात देऊन टाकण्याचा मूर्खपणा मात्र आमचाच. तो कंप पाहून खिडकीवरच्या मुलीने विचारले, "ह्यांना वाटेत काही झालं तर?" आणि एक कागद पुढे सरकविला: प्रवासात बरेवाईट झाल्यास कंपनी जबाबदार नाही.

आम्हांस नियम ठाऊक होता. ज्याला केवळ चढण्या-उतरण्यास साहाय्य हवे, त्याच्याकडून वैद्यकीय दाखला वा खास कागद मागू नये, असे विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगून ठेवले आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात कंपवाताचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते घातले. जीजा घोष ह्यांचा खटला तर आम्ही बाररूममध्ये तरुण वकिलांना अभिमानाने समजावून दिलेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ह्या बाई १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून आपल्या गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. आसनावर बसल्यावर त्यांना खाली उतरविण्यात आले. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली.

हे सारे जिभेवर होते. पण शेवटची घोषणा झाली होती, मागे रांग खोळंबली होती आणि दुसरे विमान सकाळी होते. आम्ही कागद घेतला. आईला सही करवेना. तेव्हा त्या मुलीने शाईची गादी पुढे केली, आणि जिने अठ्ठावीस वर्षे मराठी शाळेत मुलांच्या हाती लेखणी दिली, तिचा अंगठा आम्ही आमच्या हातांनी उमटविला. पक्षकारांना न वाचता सही करू नका म्हणून बजावणारे आम्हीच.

विमान वर गेल्यावर आई एवढेच म्हणाली, "तू वकील ना रे?"

घरी येऊन आम्ही कंपनीला तक्रार लिहिली. ती प्रवासी ह्या नात्याने आईच्या नावाने जावयाची होती. सकाळी गोळी घेतल्यावर तासाभराने तिचा हात थोडा स्थिर होतो. त्या वेळी तिला ओसरीवर बसवून कागद पुढे ठेवला. आम्ही धरायला गेलो तर तिने आमचा हात बाजूला सारला. तीन शब्दांना बराच वेळ लागला. आडनावाची वेलांटी ओळीबाहेर गेली.

तेच पत्र आम्ही रजिस्टर्ड टपालाने रवाना केले. उत्तर अद्याप आलेले नाही. टपालवाला आला की आई विचारते.