बिस्बीची ती पहांट

अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या वैराण डोंगरांत, बिस्बी नांवाचें गांव आहे. १८८० सालीं तांब्यासाठीं तें वसलें. १९७५ सालीं खाणी बंद पडल्या. आम्ही तेथें गेलों तेव्हां प्रथम नजरेंत भरला तो ‘लॅव्हेंडर पिट’ हा सुमारें ९०० फूट खोल खड्डा. नांव फुलाचें वाटतें. वस्तुतः तें कंपनीच्या एका अधिकाऱ्याचें आडनांव! डोक्यावर टोप चढवून, छोट्या आगगाडींतून खाणींतही जाऊन आलों.

परंतु मन अडकलें तें एका जुन्या हकीकतींत. १२ जुलै १९१७ रोजीं भल्या पहांटें, शेरीफनें जमविलेल्या सुमारें २००० सशस्त्र लोकांनीं संपवाले खाणमजूर व त्यांचे कैवारी अशा जवळजवळ १२०० जणांना घराघरांतून ओढून काढलें, गुरांच्या वाघिणींत कोंबलें आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत नेऊन सोडलें. शिक्षा कोणासही झाली नाहीं. एका घरीं तर भावानेंच भावाला पकडलें. वांटणीपासून आमचें व धाकट्या बंधूंचें बोलणें बंद आहे. तरी हें ऐकून अंगावर कांटा आला.

पुष्कळ वर्षें गांवानें ह्या गोष्टीचा उच्चार टाळला. शताब्दीस, २०१७ सालीं, गांवकऱ्यांनींच तो प्रसंग रस्त्यावर करून दाखविला, व त्यावर २०१८ सालीं चित्रपट निघाला. त्यांत त्या दोघां भावांचीं सोंगें त्यांच्याच कुळांतील दोन सख्ख्या भावांनीं घेतलीं आहेत. आम्हीं तो घरीं परतल्यावर पाहिला, आणि त्याच रात्रीं बंधूंस पत्र लिहावयास घेतलें. तें अद्याप पुरें झालेलें नाहीं.