नॉसगॉथ, नळदुर्ग आणि एक बटण

आज नगरपालिका नाही, पीकविमा नाही. आज व्हिडिओ गेमवर लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या.

आपल्याकडं हल्ली 'गेम' म्हटलं की रमी आठवते आणि कर्ज आठवतं. त्या गेमविषयी मी बोलत नाही. पैसे लावायचा गेम आणि गोष्ट सांगणारा गेम यांत मटक्याचा अड्डा आणि थेटर एवढा फरक आहे.

गेमचं नाव 'सोल रीव्हर'. 'लेगसी ऑफ केन' मालिकेतला, १९९९ साली प्लेस्टेशनवर आला, मग कॉम्प्युटरवर. मी तो २००३ साली, डिप्लोमाला संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) असताना एका कॅफेत अर्धामुर्धा खेळलो. तास संपला की स्क्रीन बंद. दुसऱ्या दिवशी जावं तर आपला सेव्ह कुणीतरी पुसलेला. शेवट काही बघायला मिळाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पहिला आणि दुसरा भाग मिळून नवी आवृत्ती निघाली. दिवाळीत भाचा पुण्याहून प्लेस्टेशन ५ घेऊन आला आणि माझी सुट्टी त्यातच गेली.

गोष्ट अशी. केन नावाचा रक्तपिपासू राजा, आणि त्याचा सरदार राझिएल. राझिएलला पंख फुटतात, म्हणजे तो धन्याच्याही पुढं जातो. धनी त्या पंखांची हाडं उपटतो आणि त्याला पाण्याच्या भोवऱ्यात फेकायला लावतो. (राजकारण कव्हर करणाऱ्याला यात नवीन काही नाही.) शेकडो वर्षांनी राझिएल परत येतो, तर त्याचा मुलूख नॉसगॉथ ओसाड पडलाय आणि त्याच्या कुळातलं कुणी उरलेलं नाही.

मग अख्खा गेम म्हणजे पडक्या वास्तूंतून फिरणं. मारामारी आहे, पण माझ्या मते यात इमारतीच जास्त बोलतात. एक अवाढव्य कॅथेड्रल आहे. रक्तपिपासूंना आवाजानं मारायला माणसांनी ते बांधलं, आत सगळीकडं पाइप. त्याचा उपयोग व्हायच्या आधीच ती माणसं मारली गेली, आणि आता मनोऱ्यात एक राक्षस इतका वाढलाय की तो कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते कळत नाही. दुसरीकडं पाण्यात बुडालेला मठ. पाणी अंगाला लागलं की राझिएल जळतो! दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. त्या मठातला राहाब मात्र पाण्याला सरावलेला, उन्हाला नाही. खिडक्यांच्या काचा फोडायच्या, ऊन आत आलं की तो संपला.

राझिएल मरत नाही. ताकद संपली की आत्म्यांच्या जगात जातो. जागा तीच, पण खांब वाकडे आणि भिंती पिळलेल्या. कधी रस्ता या जगात सापडतो, कधी त्या.

नव्या आवृत्तीत चित्रं नव्यानं केलीत, दगडाचा पोत दिसतो, नकाशा दिलाय. दगडी ठोकळे ढकलत बसायचा कंटाळवाणा प्रकार मात्र तसाच आहे, तो थोडा कमी केला असता तर माझी हरकत नव्हती. पण एक बटण असं दिलंय की ते दाबलं की त्याच क्षणी, त्याच जागी १९९९ चं चित्र दिसतं. ओबडधोबड, धूसर. पुन्हा दाबलं की नवं. मी दर खोलीत दाबायचो.

भाचा म्हणाला, "मामा, सारखं सारखं काय दाबायलाव?"

"अरे, आधी कसं होतं ते बघतोय."

"नवं चांगलं दिसायलंय की. मग जुनं कशाला?"

हाच प्रश्न मला गावोगावी ऐकायला मिळतो. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट मारलेला असतो, कोरीव खांबांच्या रेघा रंगात बुजलेल्या, गाभाऱ्याबाहेर गुळगुळीत फरशी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आता चांगलं दिसायलंय की." त्यांची श्रद्धा खरी असते, वर्गणीही खरी असते. फक्त परत मागं जायचं बटण नसतं.

तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ बघा. विटांचं, मागून अर्धगोल. मूळ बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक म्हणतात. ते म्हणू शकतात, कारण आकार अजून दिसतो. नळदुर्गला इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे चालू असताना आत उभं राहिलं की मला तो बुडालेला मठ आठवतो. अशा जागी चुकीचं सिमेंट बसलं तर पुन्हा कुठून काढणार? तुळजापुरातही मंदिराच्या कामावरून वाद झाले. मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही. माझं मागणं साधं आहे. कुठल्याही जुन्या वास्तूचं काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो आणि मोजमाप घ्या, ते लोकांना बघायला ठेवा, आणि कुठला दगड जुना, कुठला नवा हे तिथंच पाटीवर लिहा.

त्या गेमवाल्यांनी तर १९९९ मध्ये घाईत छाटलेले, अर्धवट राहिलेले भागही नव्या आवृत्तीत वेगळे ठेवलेत. अर्धवट आहेत असं सांगूनच. डेडलाइनला मजकूर छाटणाऱ्या आम्हा लोकांना ते बघून बरं वाटलं. सगळ्या गेमचं नशीब एवढं नसतं. २०२३ च्या एका अमेरिकन अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथं निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. पंचवीस-तीस वर्षांच्या वस्तूची ही गत, तर हजार वर्षांच्या दगडाचं काय घ्या!

तुमच्या गावच्या देवळाचा, वेशीचा, बारवेचा रंग किंवा फरशी लागायच्या आधीचा फोटो घरात असेल, लग्नाच्या अल्बममध्ये मागं आलेला असला तरी चालेल, मला पाठवा. गावाचं नाव आणि अंदाजे साल लिहा. तारखेनुसार लावून इथंच टाकत जाईन.