पाण्याच्या वेळेवरचं घर

घारापुरी म्हटलं की लोक लेण्यांविषयीच विचारतात. त्रिमूर्ती केवढी आहे, माकडं अजून हातातली बाटली ओढून नेतात का, सोमवारी बंद असतं ना? गेटवेवरून लाँचनं तासाभराची वाट. पण तिथं माणसं राहतात, चुली पेटतात, म्हशी रवंथ करत बसतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनी नसतं. शेवटची लाँच सुटली की बेट रिकामं होतं, असंच त्यांना वाटतं. आमच्यासाठी मात्र बेट तेव्हाच सुरू व्हायचं. पाहुणे गेले, दुकानांवर कापडं ओढली की जो तो आपापल्या घरचा व्हायचा.

बेटावर तीन गावं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. आमचं घर राजबंदरला. पोर्तुगीज आले तेव्हा या बाजूच्या किनाऱ्याजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तर उचलतानाच तो फुटला. तुकडे सांधून तो आता भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात उभा आहे. मुंबईला गेलं की आजी हमखास म्हणायची, "आमचा हत्ती राणीच्या बागंत बांधून ठेवलाय. सोडायला जायचा हाय एकदा."

घरात आम्ही सात माणसं. आजी, आय, दादा म्हणजे वडील, काका, ताई, मी आणि धाकटा भाऊ. दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर भाताचे चार तुकडे, तेवढीच शेती. बाकी सगळं पाण्यावर. दादा आणि काका मासेमारीला जायचे. हंगामात आय डोक्यावर पाटी घेऊन पायऱ्यांजवळ बसायची. ताडगोळे, चिंचा, आवळे, काकडी, कैरी. पाहुण्यांची पोरं ताडगोळा हातात धरून हे खायचं कसं म्हणून बघत राहायची. मग आय स्वतः साल काढून द्यायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भिंतीला शोभेपुरतं. खरी वेळ पाण्याची. आजीला अक्षर येत नव्हतं, पण पंचांग बोटांवर होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पुरं भरतं. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. शाळेत पावकी-निमकी शिकवायच्या आधीच आम्हां भावंडांना पाऊणकी येत होती. मास्तरांना त्याचं फार नवल वाटायचं. पाऊणकी चुकली तर होडी गाळात बसते, हे त्यांना ठाऊक नसावं.

सुकती लागली की बेट मोठं व्हायचं. पाणी मागं सरकायचं आणि तिवरांच्या पलीकडं लांबच्या लांब गाळ उघडा पडायचा. आम्ही पोरं आणि बाया टोपल्या घेऊन उतरायचो. निवट्या पकडायच्या, बिळात हात घालून चिंबोऱ्या ओढायच्या, खडकावरची कालवं फोडायची. निवटी हातात येता येता निसटते, म्हणून ती बघून नाही, अंदाजानं धरायची. काका म्हणायचा, "तिच्याकडं बघू नको, ती जाणार तिकडं बघ." मांडीपर्यंत काळं होऊन घरी आलं की विहिरीवर एक कळशी मिळायची. दुसरी मागितली तर आयचा आवाज चढायचा. चारी बाजूंनी पाणी, आणि मार्च उजाडला की प्यायच्या पाण्याची मोजमाप. विहिरीचा तळ दिसायला लागला की आय आणि शेजारच्या बाया पहाटे तीनला उठून नंबर लावायच्या. झरा जेवढं देईल तेवढं वाटीनं भरून घ्यायचं. पण कोणाच्या घरी आजारी माणूस असलं, तान्हं मूल असलं, तर त्या घराची कळशी पहिली भरायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तसंच होत आलेलं.

मे महिन्यात आगोटीची घाई. पाऊस धरला की समुद्र खवळतो, होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या. त्याआधी चार महिन्यांचं घर भरायचं. तांदूळ, मीठ, रॉकेल, सरपण, मसाला. अंगणात बोंबील, जवळा, सुकट वाळत पडलेलं. त्यावर राखण आमची, कारण माकडांना नसलं तरी कावळ्यांना सुक्या माशांचं वेड. दादा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी करायचा आणि उरणच्या बाजाराला दोन फेऱ्यांत सगळं आणायचा. शेवटच्या फेरीत आमच्यासाठी गुळाची ढेप आणि खाली ठेवलेले चार आंबे. मग पाऊस. आठ-आठ दिवस पलीकडचं माणूस दिसायचं नाही. डोंगरावरून पाणी धावत यायचं, लेण्यांपुढं धबधबे लागायचे, आणि ते बघायला आमच्याशिवाय कोणी नसायचं. सुकट-भात खाऊन दुपारी आजीच्या गोधडीत शिरायचं, एवढाच उद्योग. मला आजही पाऊस लागला की सुकटीचा वास हवासा वाटतो.

रात्री टेकडीवर चढलं तर पश्चिमेला मुंबई लखलखायची. १९८९ मध्ये पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून पूर्वेलाही आकाश पिवळं दिसायला लागलं. दोन्हीकडं उजेड आणि मधे आम्ही अंधारात. घरात चिमणी आणि एक कंदील. तो कंदील आजीचा. घरचं कोणी पाण्यावर असलं की ती तो ओटीच्या आढ्याला टांगायची आणि सगळी माणसं परत आल्याशिवाय खाली काढायची नाही. रॉकेलची कितीही ओढ असो. दादा सांगायचा, "आपला कंदील दिसला का वल्हं हलकं लागतं." गावातली बरीच घरं असं करायची. समुद्रातून बघितलं तर कोणाचं माणूस अजून यायचं आहे ते कळायचं.

ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं. आषाढ संपायच्या आत तिला पलीकडं नातेवाइकांकडं नेऊन ठेवायचं ठरलं होतं, पण पावसानं वाटच दिली नाही. एका संध्याकाळी पाऊस जरा उघडला आणि त्याच संध्याकाळी दिवस भरायच्या आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. गावात बाळंतपणं करणारी म्हातारी आली. तिनं पोटावर हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला आणि बाहेर येऊन दादाला म्हणाली, "मूल आडवं हाय. माज्या हातचं नाय. न्या पोरीला."

दादानं आजीकडं पाहिलं. आजीनं बोटं मोजली. "वद्य चवथ हाय. नऊला पुरी सुकती. पाणी भराया तीन वाजतील."

तेव्हा आठ वाजून गेले होते. होडी पाण्यापर्यंत न्यायला मधे गाळ, आणि तीनपर्यंत थांबायला ताईजवळ वेळ नव्हता. काका धावत गेला आणि ज्यांची मशीनची होडी खोल पाण्यात नांगरून ठेवलेली होती त्यांना उठवून आला. पण ताईला तिथवर न्यायचं कसं? कंबरेएवढ्या गाळात माणसाचा स्वतःचा पाय निघत नाही, ओझं घेऊन कसा निघणार?

कोणी पहिल्यांदा सुचवलं ते मला आठवत नाही. मी पाहिलं तेव्हा दादा आमच्या घराचं दार बिजागरीवरून उतरवत होता. मग शेजारचं दार आलं, त्याच्या पलीकडचं आलं. पुरुषमाणसं दारं डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडं पळत होती. गाळावर दार आडवं टाकायचं, त्याच्या पुढं दुसरं, त्याच्या पुढं तिसरं. ताईला खुर्चीत बसवून खुर्चीला दोन बांबू बांधले होते. चार जण ती घेऊन दारांवरून चालायचे आणि मागचं दार मोकळं झालं की दोघं ते ओढून पुढं नेऊन टाकायचे. मी अकरा वर्षांचा. माझ्या हातात आजीनं कंदील दिला होता आणि सांगितलं होतं, "उजेड त्यांच्या पायांवर धर. पोरीकडं बघू नको." ताई ओरडत नव्हती. ती आयचं नाव घेत होती, हळू आवाजात, सारखं. आय तिच्या बाजूनं गाळातूनच चालत होती, मांड्यांपर्यंत रुतत, एक हात खुर्चीवर ठेवून.

होडी न्हाव्याच्या दिशेनं गेली तेव्हा पाऊस पुन्हा लागला. दादा, आय आणि काका गेले. आम्ही दोघं भाऊ आणि आजी घरी आलो. आजीनं कंदील आढ्याला टांगला. घराला दार नव्हतं, वारा थेट चुलीपर्यंत येत होता. तिनं गोधडी आडवी बांधली आणि कंदिलाची काच तीन वेळा पुसली. त्या रात्री राजबंदरातली अकरा घरं दारांशिवाय झोपली. झोपली म्हणजे काय, कोणी झोपलं नसावं.

बेटावर फोन नव्हता. सकाळ झाली, दुपार झाली, बातमी नाही. येणारजाणारा ओटीवर टेकून जायचा, काही बोलायचा नाही. कंदील उजेडातही तसाच जळत होता. एकीनं तो काढायला हात वर केला तर आजी एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊं दे." पंचमी होती, पावणेचारचं पाणी. त्या पाण्याला होडी आली. दादा नाळीवर उभा होता आणि लांबूनच त्यानं दोन्ही हात वर केले. मुलगा होता. ताईही वाचली होती, मोठं ऑपरेशन झालं होतं. आजी ओटीवरून उठली, कंदील खाली काढला, फुंकर मारली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं, तेही पाठीकडून.

दारं दुसऱ्या दिवशी विहिरीवर धुतली. ज्याचं त्याला ओळखून दिलं. आमचं दार पुन्हा बसवलं पण ते नीट बसलं नाही. खालून उंबऱ्याला घासतं. दादानं ते कधी दुरुस्त केलं नाही.

पुढं बेटावर जनरेटर आला. संध्याकाळी सातच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि दहा-साडेदहाला बंद. त्या तीन-साडेतीन तासांत पोरांचा अभ्यास, टीव्ही, मिक्सर सगळं उरकायचं. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून पक्की वीज आली. गावात मिरवणुकीसारखा आनंद झाला. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर, समोर मुंबई दिसत असलेल्या गावात फ्रीज आला. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. ज्यानं अंधारात बाळंतीण गाळातून नेलेली बघितली आहे तो अंधाराचं कौतुक करणार नाही. आजी ते बघायला राहिली नव्हती. असती तर तिनं पहिल्यांदा आयला फ्रीज घ्यायला लावला असता, मासे ठेवायला.

पण गाव विरळ होत चाललं, तेही खरं. पुढची शाळा पलीकडं, नोकरी पलीकडं, दवाखाना पलीकडं. मीही शिकायला म्हणून गेलो तो पनवेललाच राहिलो. त्या रात्रीच्या अकरा घरांपैकी काहींना आता कुलपं आहेत. दार जागेवर आहे, पण उतरवून द्यायला आत माणूस नाही. आय मात्र हलायला तयार नाही. धाकटा भाऊ आणि त्याची बायको तिच्यासोबत असतात, दुकान चालवतात. ताईचा तो मुलगा तिशी ओलांडून गेला. तो आला की आय त्याला उंबऱ्याला घासणारं दार दाखवते आणि म्हणते, "सरळ करू नको हं. तुझ्या वाटंचं हाय ते."

मी येणार म्हणून फोन केला की ती तारीख विचारत नाही. आता जेट्टी आहे, लाँचा आहेत, हे तिला माहीत आहे. तरी विचारते, "कवा येतूस? तिथी कंची हाय?" मी पंचांग बघून सांगतो. ती पाऊणपट करते आणि मग पाण्याची वेळ मला सांगते.