साडेतीनशेच्या बुलेटला पाचशेचा सिलिंडर

जुन्या साडेतीनशेच्या बुलेटला पाचशेचा सिलिंडर आणि पिस्टन चढवायचा, ही तरुणांची हौस काही नवी नाही. आम्ही पडलो कारकून. इंजिन उघडणे आमचे काम नव्हे. परंतु वस्तीतला एक मुलगा पतसंस्थेच्या कर्जाला आमची जामीनदार म्हणून सही मागायला आला. अर्जावर कारण होते ‘गाडीदुरुस्ती’. मग दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे विचारणे आम्हाला भागच होते.

हिशेब सोपा दिसतो, आणि मोह तिथेच पडतो. दोन्ही इंजिनांत पिस्टनची वर-खाली धाव सारखीच, 90 मिलिमीटर. फरक बोअरचा. साडेतीनशेचा 70, पाचशेचा 84. व्यास वाढला अवघा 14 मिलिमीटर, पण 70 गुणिले 70 म्हणजे 4900 आणि 84 गुणिले 84 म्हणजे 7056. सी.सी. 346 वरून 499 वर जाते. पगारात अशी 44 टक्के वाढ कोणी दिली असती तर!

पण मोठा सिलिंडर जुन्या क्रँककेसच्या तोंडात मावत नाही. ते तोंड लेथवर कापून मोठे करावे लागते. एकदा कापले की जुना सिलिंडर तिथे पुन्हा नीट बसत नाही. हेड बदलावे लागते, कार्बोरेटर बदलावा लागतो. फ्लायव्हीलचा तोल हलक्या पिस्टनच्या वजनावर साधलेला असतो. तो पुन्हा साधला नाही तर गाडी थरथरते आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर मार बसतो. त्यात हे इंजिन हवेवर थंड होणारे. पेट्रोल जास्त जळणार, उष्णता जास्त होणार, आणि वाहतुकीत गाडी अडकली की वारा कुठून आणायचा?

मिस्त्रीने हे सारे त्याला सांगितले होते, असे मुलगा म्हणाला. कागदाचे मात्र कोणी सांगितले नव्हते. आर.सी. बुकात सी.सी. लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झालाच तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. त्याने नाही भरले तर आम्ही भरायचे.

त्याची मूळ तक्रार निराळीच होती. गाडी धूर सोडते आणि घाटात ओढत नाही. म्हणजे बोअर झिजलेला. तोच सिलिंडर किंचित बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या तर गाडी पूर्वीसारखी ओढते, हे मिस्त्रीनेही कबूल केले. खर्चही बराच कमी.

मुलगा दोन दिवस आमच्यावर रुसून होता. तिसऱ्या दिवशी कमी रकमेचा नवा अर्ज घेऊन आला. कारणाच्या रकान्यात या वेळी ‘बोअर, पिस्टन, रिंग’ असे लिहिले होते. आम्ही सही केली.