बावची, ऊन आणि सनबेड

गेल्या मे महिन्यात एक मुलगी दवाखान्यात आली, तेव्हा तिला सलवारीचं कापडसुद्धा नडगीला सहन होत नव्हतं. नडगीवर कोडाचा रुपयाएवढा डाग. कुणीतरी सांगितलं म्हणून आईने त्यावर बावचीचं तेल चोळलं आणि भर दुपारी तिला गच्चीत अर्धा तास बसवलं. दोन दिवसांत डागावर आणि भोवती पाण्याने टरारलेले फोड आले. "झाडपाल्याचं औषध ना डॉक्टर, त्याने कसा अपाय होईल?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या माउलीला मी रागावले नाही. बावची हे कोडावरचं खरंखुरं औषध आहे. आयुर्वेदात ते श्वित्रावर, म्हणजे कोडावर, फार पूर्वीपासून सांगितलं आहे. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते पेशींच्या डीएनएत शिरून बसतं आणि उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण पडले की तिथेच घट्ट बांधलं जातं. सोरालेन आणि यूव्हीए या जोडीला १९७४ पासून 'पुवा' म्हणतात. पुढे नॅरोबँड यूव्हीबी हे अतिनील किरणांचे उपचार आले, त्यांत सोरालेन लागत नाही. माझ्या कक्षातले दिवे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे आहेत. पहिल्या दिवशी अगदी थोडा डोस, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीआधी माझा एकच प्रश्न असतो: मागच्या वेळची लाली किती वेळ टिकली? चोवीस तासांपुढे गेली असेल, तर डोस वाढत नाही. गच्चीतल्या उन्हाला हा प्रश्न कोण विचारणार?

कॅनडात शिकणाऱ्या माझ्या एका पेशंटने फोनवर विचारलं, "इथे टॅनिंग सलून आहे. तिथल्या सनबेडवर झोपलो तर कोड भरेल?" मी ठामपणे नाही म्हणाले. सनबेडचे, कातडी सावळी करणारे दिवे मुख्यतः यूव्हीएचे. भोवतीची कातडी काळवंडते आणि पांढरा डाग उलट उठून दिसतो. शिवाय टॅन म्हणजे डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेली धावपळ. त्याला निरोगी तेज म्हणणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडला कर्करोगकारकांच्या, तंबाखूच्याच पहिल्या गटात टाकलं. तिशीच्या आत सनबेड सुरू करणाऱ्यांत मेलानोमाचा (त्वचेच्या कर्करोगाचा) धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या कातडीच्या लोकांवरचे, हे खरं. पण सावळ्या कातडीने तो जुगार का खेळावा? ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या सनबेडवर बंदी घातली.

मग ऊन टाळायचं का? मुळीच नाही. ड जीवनसत्त्व त्वचेत यूव्हीबीमुळे तयार होतं. आपण कोवळ्या उन्हाचं कौतुक करतो, पण सूर्य खाली असताना यूव्हीबी फारच थोडं पोचतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन ड जीवनसत्त्वाच्या कामाचं. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, कातडी लाल होण्याआधी सावलीत या. खिडकीच्या काचेतून मात्र यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, यूव्हीए येतं. त्यामुळे बंद खिडकीशी बसून ड मिळत नाही, वांग तेवढे गडद होऊ शकतात.

त्या मुलीचे फोड तीन आठवड्यांत बरे झाले. आता तिचे यूव्हीबी उपचार चालू आहेत. तुमच्या घरात कुणाला कोड असेल, तर बावचीची बाटली उघडण्याआधी तो डाग एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.