नकाशा महाग, आभाळ फुकट

आमच्या शहापूरला दोन गोष्टींची कधीच टंचाई नाही. एक ऊन आणि दुसरं आभाळ! हायवे सोडून जरा आत आलं की धानाच्या बांध्या आणि त्यांच्यावर पसरलेलं निळंशार मोकळं छत. पलीकडे गोंदियाजवळ बिरसीला तर खरेखुरे वैमानिक घडतात. मग इथे छोटी मॉडेल विमानं उडवायला अजून काय पाहिजे? पाहिजे मित्रांनो, एक नकाशा पाहिजे. आणि नेमका तिथेच खिसा आडवा येतो.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ‘विंग’ला पंख म्हणते तेव्हा ठीक वाटतं, पण ‘फ्यूजलाज’ला धड म्हटलं की मलाच हसू येतं. तेव्हा मराठी विभागाच्या सरांनी आज थोडं सांभाळून घ्यावं.

मॉडेल विमानाचा प्लॅन म्हणजे फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीटचा मोठा भाऊ. तो खऱ्या मापाचा असतो. कागद टेबलावर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक टाकायचं आणि त्याच रेघांवर बाल्साच्या पट्ट्या ठेवून चिकटवत जायचं. प्रत्येक रिबचा आकार, स्पारची जाडी, इंजिन किंवा मोटर किती अंश कलती, तोल कुठे यायला हवा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. अनेकदा पंख अर्धाच काढलेला असतो. दुसऱ्या बाजूसाठी जुने लोक कागदाला तेल चोळून उलटा करायचे, म्हणजे रेघा पलीकडून दिसतात. पहिल्या वर्षी काचेखाली ट्यूबलाइट लावून शीट ‘छापणाऱ्यांना’ हे तंत्र वेगळं शिकवायला नको!

या सगळ्याची किंमत ऐकून माझी रूममेट म्हणाली, “काहून वं, कागदाले एवढे पैसे?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधं नाही. बहुतेक चांगले प्लॅन परदेशातून येतात. समजा, एक प्लॅन वीस डॉलरचा आहे. 2007 च्या अखेरीस डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे प्लॅन आठशेला पडायचा. 2022 मध्ये डॉलरने ऐंशी ओलांडले, म्हणजे तोच प्लॅन सोळाशेच्या वर. काढणाऱ्याने एक सेंटही वाढवला नाही, तरी आपल्यासाठी तो दुप्पट झाला. वरून गुंडाळी करून पाठवायचं टपाल. पीडीएफ घेतली तर टपाल वाचतं, पण ए-झीरो म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटरचा कागद छापणार कोण? आमच्या नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्रीच्या पुढे गाडी सरकत नाही. तुकडे छापून जोडावेत, तर मापात एक टक्का फरक पडला तरी 1200 मिलिमीटरच्या पंखात 12 मिलिमीटरची गडबड. मग नागपूर गाठा, एसटीचं तिकीट काढा... विमान उडायच्या आधी पैसे उडतात!

यावर हॉस्टेलचं रामबाण औषध म्हणजे ‘कोणाचा तरी प्लॅन घे आणि झेरॉक्स मार’. मला हे पटत नाही. नकाशा काढणाऱ्याने विमान बांधलं असतं, पाडलं असतं, पुन्हा बांधलं असतं. आपण पैसे कागदाचे देत नाही, त्याच्या पडलेल्या विमानांचे देतो. त्यामुळे किंमत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण मेसचं बिल भरताना घरी दोनदा विचार होतो, अशा घरातल्या मुलीने काय करायचं? छंद फक्त परवडणाऱ्यांचाच ठेवायचा का?

इतिहास बघितला तर दोन्ही वाटा दिसतात. राइट बंधूंना 1906 मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. त्याच काळात पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ यांनी आपल्या ‘देमोआझेल’ या चिमुकल्या विमानाचं पेटंट घेतलंच नाही. 1910 मध्ये त्याची ड्रॉइंग्ज अमेरिकेतल्या पॉप्युलर मेकॅनिक्स मासिकात छापून आली, ज्याला बांधायचं त्याने बांधावं! लांब कशाला, आपल्या पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करायला शिकवलं आणि आपली पुस्तकं सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्ञान वाटून कोणी गरीब झालेलं मला तरी माहीत नाही.

आणि आपण तर इंजिनिअरिंगवाले! नकाशा विकतच घ्यायला हवा असं थोडंच आहे? सुरुवातीला साधं ग्लायडर घ्या. पंखाची लांबी 600 मिलिमीटर, रुंदी 100. क्षेत्रफळ झालं 60,000 चौरस मिलिमीटर. शेपटीचा आडवा पंख त्याच्या पाचवा हिस्सा, म्हणजे 200 बाय 60. तो मुख्य पंखापासून साधारण 280 मिलिमीटर मागे. पंखाची दोन्ही टोकं 40 मिलिमीटर वर उचललेली. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 33 मिलिमीटरवर यायला हवा, तो येईपर्यंत नाकाला एमसील लावत जा. तीन मिलिमीटरचं सनबोर्ड, कटर, फेव्हिकॉल आणि पेन्सिल. बाल्सा नाही, डॉलर नाही. नाक खाली घालून पडलं तर वजन कमी करा. वर चढून थांबलं आणि मग आपटलं तर वजन वाढवा. झाला तुमचा पहिला प्लॅन!

खरं दुखणं पुढेच आहे. आपल्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी असं काही बांधतंच. फायनल इयर संपलं की विमान पलंगाखाली, ड्रॉइंग रद्दीत आणि माणूस पुण्या-बंगळूरला. पुढच्या बॅचला पुन्हा शून्यापासून सुरुवात, पुन्हा वीस डॉलरचा हिशोब. बाहेरचा प्लॅन महाग आहे हे तर आहेच, पण आपण आपला प्लॅन रद्दीच्या भावाने विकतो त्याचं काय?

म्हणून सरांना एक विनंती. डिपार्टमेंट लायब्ररीत एक कप्पा द्या, फक्त एक. बांधणाऱ्या प्रत्येक ग्रुपने जाताना आपली शीट तिथे ठेवायची. मापं, वजन, तोल कुठे आला आणि विमान किती वेळा कसं पडलं, सगळं लिहून. पडल्याचं तर आधी लिहायचं, कारण तेच विकत घेताना सर्वांत महाग पडतं. कॉपी करायला पूर्ण परवानगी, झेरॉक्स मारा, काचेवर छापा, काही हरकत नाही. फक्त खाली आपली एक दुरुस्ती जोडून परत ठेवा.

वर सांगितलेल्या ग्लायडरची शीट मी ए-थ्रीवर दोन तुकड्यांत काढली आहे. कप्पा मिळाला की पहिली तीच ठेवीन. दुसरी कोणाची?